आंबिया बहाराचा मध

शुक्रवार

संत्री खायला नागपूरला कधीही यावं, पण संत्र्याची बाग फुललेली पाहायची असेल तर फेब्रुवारीच गाठायला हवा. हाच तो आंबिया बहार. डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात. पानं मलूल झाली की जानेवारीत पुन्हा पाणी सोडायचं, आणि मग काही आठवड्यांत झाडं पांढरीशुभ्र होतात. या फुलांची फळं दिवाळीच्या मागेपुढे उतरतात. शेजारच्या बागेत मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा, धरला असेल तर तिथं याच दिवसांत पिकलेली संत्री लगडलेली असतात. एकाच बांधावर उभं राहून एका हाताला फूल, दुसऱ्या हाताला फळ.

मी आणि माझी सातवीतली लेक सकाळी पुण्याहून पोचलो. ताई प्रतापनगरला राहते. स्टेशनवरून घरी येताना वाटेत तर्री पोहे झाले, दुपार झोपेत गेली. रात्री जेवताना विषय निघाला तो ताईच्या फडताळातल्या मधाच्या बाटलीचा. थंडीत मध गोठून रवाळ झाला होता. भाऊजींचं मत ठाम होतं, "साखर घातली आहे यात." मग ग्लासभर पाण्यात थेंब सोडून झाला, तो थेट तळाशी गेला. काडीला मध लावून झाला, काडी पेटली. म्हणजे दोन्ही परीक्षांत मध पास, तरी भाऊजींचा संशय जाईना. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं बाजारातल्या अनेक मधांमध्ये साखरेच्या पाकाची भेसळ सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून घरोघरी हा संशय आहे, आणि तो अनाठायी नाही. दुसऱ्या दिवशी काटोलकडे एका मधमाशीपालकाच्या बागेत जायचं ठरलंच होतं. प्रश्न त्यांच्यासाठी राखून ठेवला.

शनिवार

भाऊंनी (तिकडे सगळे त्यांना भाऊच म्हणतात) फोनवर आधीच बजावलं होतं: फिक्या रंगाचे कपडे घाला, अत्तर लावू नका, आणि केळी खाऊन येऊ नका. केळ्याचं कारण तिथं गेल्यावर कळलं. माशी डंख मारते तेव्हा धोक्याची सूचना म्हणून एक वास सोडते, त्या वासातला मुख्य घटक पिकल्या केळ्याच्या वासातही असतो. तो आला की बाकीच्या माश्या सावध होतात.

काटोल नागपूरपासून साधारण ६० किलोमीटर. गोरेवाडा, फेटरी मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्या, हरभरा, गहू आणि मध्येच गडद हिरव्या बागा. काटोलच्या पुढे गाडी कच्च्या रस्त्याला लागली, काच खाली केली आणि वास आला. संत्र्याच्या फुलाचा वास मोगऱ्यासारखा अंगावर येत नाही, हवेतच मुरलेला असतो. लेक म्हणाली, "आई, श्वास घेतला तरी गोड लागतंय."

बागेच्या कडेला, झाडांच्या सावलीत, निळ्या-पांढऱ्या मधपेट्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येक पेटी लोखंडी घोडीवर, आणि घोडीचा प्रत्येक पाय पाणी भरलेल्या वाटीत. मुंग्या वर चढू नयेत म्हणून. भाऊंच्या आईंनी आधी चहा पाजला, मग भाऊंनी आम्हाला जाळीच्या टोप्या दिल्या. मी जरा मागे उभी होते, तर म्हणाले, "ताई, काहून घाबरून राहिल्या? माशीले घाई करणारा माणूस चालत नाही, एवढंच. हात हळू हालवा."

गोणपाटाचा तुकडा पेटवून त्यांनी धुरयंत्राचा भाता दोन-तीनदा दाबला. धुरामुळे तो धोक्याचा वास माश्यांना कळेनासा होतो, शिवाय आग लागली असं समजून त्या पोटात मध भरून घ्यायला लागतात आणि शांत राहतात. झाकण उचललं. आतून उबदार, मेणाचा वास आला आणि एकसुरी गुणगुण.

पेटीचे दोन मजले असतात. खालची पिल्लकोठी, वरची मधकोठी. मध्ये जाळी, जिच्यातून कामकरी माशी जाते पण अंगानं मोठी राणी जाऊ शकत नाही. त्यामुळे वरच्या मजल्यावर अंडी पडत नाहीत, तिथं नुसता मध. पोळं बांधलेल्या दोन चौकटींच्या मध्ये नेमकी जागा सोडलेली असते. ती जास्त झाली तर माश्या तिथं आडवं पोळं बांधतात, कमी झाली तर डिंकानं बुजवून टाकतात. हे अंतर ओळखून अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथनं १८५१ साली सुट्या चौकटींची पेटी तयार केली. पोळं न मोडता अख्खी चौकट उचलून काढता येते ती त्यामुळेच.

भाऊंकडच्या माश्या मेलिफेरा, म्हणजे युरोपातून आलेल्या. आपल्या देशी सातेरी माशीपेक्षा त्या मोठ्या, मध जास्त देणाऱ्या आणि पेटी सोडून सहसा न जाणाऱ्या. आपल्याकडच्या आणखी दोन माश्या पेटीत राहतच नाहीत. इवलीशी फुलोरी झुडपात एकच छोटं पोळं करते आणि आग्या उंच झाडावर किंवा इमारतीवर.

त्यांनी पिल्लकोठीतली एक चौकट उन्हात धरली. आपण एरवी षट्कोनी घरं चित्रात पाहतो, पण प्रत्यक्षात त्यांच्याकडे बघताना डोळा ठरत नाही. मधोमध तपकिरी मेणानं बंद केलेली घरं, कडेनं पिवळ्या-केशरी परागाचा पट्टा, वरच्या कोपऱ्यात मध. एका घराचं झाकण आतून कुरतडलं जात होतं. आधी टाचणीएवढं भोक, मग दोन मिशा बाहेर, मग डोकं. अंगावर करडी लव असलेली, फिकट रंगाची एक माशी स्वतःला ओढत बाहेर आली आणि काही क्षण तिथंच डुगडुगत उभी राहिली. शेजारून धावणाऱ्या माश्या तिला तुडवून जात होत्या, कुणीही थांबलं नाही. लेकीनं श्वास रोखून धरला होता.

अंड्यापासून इथवर यायला कामकरी माशीला २१ दिवस लागतात, राणीला १६, नराला २४. राणी आणि कामकरी यांच्या अंड्यांत फरक नसतो, फरक खाण्यात. राणी व्हायची अळी शेवटपर्यंत राजान्नावर (रॉयल जेलीवर) वाढते. भर हंगामात राणी दिवसाला हजार-दीड हजार अंडी घालते. कामकरी माशी मात्र कामाच्या दिवसांत जेमतेम सहा आठवडे जगते. त्यात आधी घरं साफ करायची, मग पिलांना भरवायचं, मग मेण काढायचं, दारावर पहारा द्यायचा, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे फुलांवर जायचं. एवढ्या आयुष्यात तिच्या वाट्याचा मध चहाच्या चमच्याचा बारावा भाग भरतो. हे ऐकल्यापासून मी चमचा चाटून पुसून घेते.

दुसऱ्या एका चौकटीवर भाऊंनी बोट न लावता दाखवलं, "ते पाहा, नाचून राहिली." एक माशी पोट थरथरवत सरळ रेषेत थोडी वर गेली, उजवीकडून वळून परत आली, पुन्हा तीच रेघ, मग डावीकडून वळण. तिच्यामागे चार-पाच माश्या मिशा लावून धावत होत्या. उभ्या पोळ्यावर सरळ वर म्हणजे सूर्याच्या दिशेला. रेघ जेवढी उजवीकडे कललेली, तेवढं सूर्याच्या उजवीकडे जायचं. थरथर जितकी लांबते तितकं फूल दूर. कार्ल फॉन फ्रिश यांनी ही भाषा उलगडली, त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. आमच्यासमोरची रेघ जवळजवळ उभी होती. म्हणजे सूर्याच्याच दिशेला कुठंतरी बाग होती, आणि भाऊ म्हणाले, "हो ना, ओढ्यापलीकडची."

मग मध काढणं पाहिलं. सगळ्याच चौकटी काढत नाहीत. घरांवर पांढरं मेणाचं झाकण चढलं असेल तरच. फुलातल्या रसात निम्म्याहून जास्त पाणी असतं. माश्या तो एकमेकींच्या तोंडात देत-घेत, पंखांनी वारा घालत आटवतात. पाणी १८ टक्क्यांच्या आसपास आलं की झाकण घालतात. आपल्याकडे मधात २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी चालत नाही. कच्चा मध काढला तर तो आंबतो. भाऊंनी सुरी गरम पाण्यात बुडवून पुसली, झाकणं पातळ सोलून काढली, चौकटी मधयंत्राच्या पिंपात उभ्या केल्या आणि हातानं फिरवलं. मध भिंतीवर उडतो, खाली ओघळतो, पोळं अख्खंच राहतं. तेच परत पेटीत. माश्यांना पुन्हा मेण करावं लागत नाही.

तोटीखाली बोट धरून चाखला. रंग फिका, जवळजवळ पाण्यात थोडं केशर टाकल्यासारखा. आधी गोड, आणि गिळल्यावर फुलाचा वास नाकात वर येतो, किंचित आंबटसर. आजवर मी मधाची चव म्हणून जी ओळखत होते, ती ही नव्हे. भाऊंच्या घरी गेल्या वर्षीचा दुसऱ्या फुलोऱ्याचा मध होता, गडद, थोडा कडसर. पेट्या त्याच, माश्या त्याच, महिना वेगळा.

इथं भाऊजींनी प्रश्न विचारला. भाऊ आत गेले आणि एक बाटली घेऊन आले. पूर्ण गोठलेली. "हा आपलाच आहे, तुमच्यापुढं काढला तसाच." मधात मुख्यतः दोन साखरा असतात. फ्रुक्टोज विरघळलेलं राहतं, ग्लुकोज थंडीत स्फटिक होऊन बाहेर पडतं. ज्या फुलाच्या रसात ग्लुकोज जास्त, तो मध लवकर गोठतो. मोहरीचा मध तर काही आठवड्यांत. गोठणं भेसळीची खूण नाही, आणि न गोठणं शुद्धतेचं प्रमाणपत्र नाही. पाण्याची, काडीची, टिपकागदाची परीक्षा घट्टपणा तपासते. घट्ट पाकही तीत पास होतो. तांदळापासून केलेला खास पाक तर प्रयोगशाळेच्या नेहमीच्या तपासण्यांनाही चकवतो. गोठलेला मध कोमट पाण्यात बाटली ठेवून पातळ करावा, गॅसवर चढवू नये. तापवला की वास उडतो आणि गुणही.

"मग ओळखायचा कसा?" ताईनं विचारलं.

"इकणाऱ्याले पुसायचं," भाऊ म्हणाले. "कोणत्या फुलाचा, कोणत्या महिन्यातला, पेट्या कुठं होत्या. ज्यानं काढला त्याले हे तोंडपाठ असते. बारा महिने एकच रंग अन् एकच चव देऊन राहिला, तर मंग इचार करा."

जेवायला रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वर तुपाची धार. जेवताना भाऊ जे बोलले ते मला दिवसभरातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आंबियाची फुलं येतात त्याच वेळी झाडाला कोवळी नवती फुटते, आणि नवतीवर सिट्रस सिला ही कीड येते. सिला रस शोषते, रोगही पसरवते, म्हणून शेतकरी फवारतो. त्याची चूक म्हणावी तर त्याचं वर्षाचं उत्पन्न त्या नवतीवर अवलंबून. पण फूल उघडं असताना, सकाळच्या उन्हात फवारणी झाली की माश्या विष घेऊन घरी येतात. काही वर्षांपूर्वी शेजारी अशी फवारणी झाली आणि भाऊंच्या पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचा थर साचला. त्यांनी भांडण केलं नाही. घरोघरी जाऊन बसले, पेटी उघडून दाखवली. आता आजूबाजूचे शेतकरी फवारणीच्या आदल्या संध्याकाळी फोन करतात. फवारणी होते ती सूर्य मावळल्यावर, माश्या घरी परतल्यावर. भाऊ पेट्यांची दारं जाळीनं बंद करतात. फुलं येण्याआधीच एक फवारणी उरकून घ्यायची आणि भर बहरात हात आखडता ठेवायचा, हेही काहींनी मान्य केलंय. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारख्या औषधांचा उघड्या शेतातला वापर युरोपीय संघानं २०१८ साली बंद केला. आपल्याकडे ती सर्रास मिळतात. मला वाटतं, काटोल-नरखेड पट्ट्यात बागेगणिक हा संध्याकाळचा फोन सुरू व्हायला हवा. त्याला खर्च काहीच नाही.

वर्षाच्या बाकीच्या महिन्यांबद्दलही विचारलं. बहर संपला की पेट्या रात्री टेम्पोत चढतात, करंज, कडुनिंबाच्या फुलोऱ्याकडे जातात. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पिल्लकोठीत माश्यांना ३५ च्या आसपासच ठेवावं लागतं. त्या पाणी आणून घरांवर शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. भाऊ वरून ओली गोणपाटं टाकतात, जवळ पाण्याचं घमेलं ठेवतात. पावसाळ्यात फुलं नसतात तेव्हा साखरेचं पाणी द्यावं लागतं, हे त्यांनी न लपवता सांगितलं. तेव्हा मधकोठी काढून ठेवलेली असते, त्यामुळे ती साखर बाटलीत येत नाही. वेडे राघू तारेवर बसून माश्या टिपतात, त्यांचं काही करता येत नाही. मेणकिडा मात्र डोळ्यांत तेल घालून शोधावा लागतो.

निघताना आईंनी विचारलं, घरात लहान बाळ आहे का. ताईला तीन महिन्यांचा नातू. त्या म्हणाल्या, "त्याले चाटवू नका हो वर्षाचा होईपर्यंत. डॉक्टर नाही म्हणतात." बाळाच्या जिभेवर मध ठेवायची आपली जुनी रीत, पण मधात कधीकधी बोट्युलिझमचे जंतू सुप्त असतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं ते रोखू शकत नाही. मध विकणाऱ्या घरातून हे ऐकायला मिळालं याचं मला फार कौतुक वाटलं.

रविवार

कामठी, कन्हान, मनसर करत रामटेक. गडमंदिरावर सकाळीच जाऊन आलो, गर्दीबद्दल वेगळं सांगायला नको. खरं जायचं होतं ते पेंचच्या बाजूच्या एका गावात, जिथं भाऊंच्या ओळखीचे एक गोंड बाबा आग्याचा मध काढतात.

वाटेत पळस पेटलेला आणि काटेसावरी लाल. गावाबाहेरच्या अशाच एका निष्पर्ण सावरीच्या फांद्यांना काळी, अर्धगोल पोळी लटकत होती. आम्ही बऱ्याच अंतरावरून दुर्बिणीतून पाहिली. आग्या एकच पोळं करते, हातभर रुंद, कधी त्याहून मोठं, आणि त्यावर माश्यांचाच पडदा असतो. एक पक्षी जवळून गेला आणि त्या पडद्यावरून चकाकती लाट सरकली. एकीनं पोट वर उचललं की शेजारची, मग तिच्या शेजारची. शत्रूला बिचकवण्याची ही रीत. लेकीनं ती लाट पुन्हा दिसावी म्हणून बराच वेळ दुर्बीण सोडली नाही.

बाबांच्या लहानपणी रात्री मशाल लावून पोळं जाळत, माश्या होरपळून खाली पडत, मग अख्खं पोळं कापून पिलांसकट पिळत. वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं मध गोळा करणाऱ्यांना वेगळी पद्धत शिकवली, ती बाबांच्या गटानं उचलली. अंगभर पोशाख, थोडा धूर, मशाल नाही. पोळ्याचा मधाचा भाग फांदीलगत एका बाजूला फुगलेला असतो, तेवढाच कापायचा. पिलांच्या भागाला हात लावायचा नाही. माश्या तिथंच राहतात, पुन्हा मध भरतात, आणि त्याच पोळ्यातून परत मध मिळतो. "आधी एकदा मिळे अन् झाड रिकामं होऊन जाय," बाबा म्हणाले. "आता झाड रिकामं होत नाही." त्यांचा मध भाऊंच्या मधापेक्षा पातळ आणि गडद होता, जिभेवर रानाचा उग्रपणा ठेवून जाणारा. मोहाची फुलं अजून पडायची होती. त्यानंतरचा मध आणखी वेगळा लागतो म्हणे.

सोमवार

आज नुसतं सामान आवरायचं होतं. पण ताईच्या सोसायटीतही पाण्याच्या टाकीखाली आग्याचं मोहोळ आहे आणि सकाळी त्यावर बैठक होती. काहींचं म्हणणं, माणूस बोलवून जाळून टाकू. भीती खोटी नाही. आग्या उठली तर एकावर शेकडो डंख बसतात, आणि ज्याला ॲलर्जी आहे त्याला एकही पुरतो.

ताईनं तिथूनच भाऊंना फोन लावून स्पीकरवर ठेवला. ते शांतपणे सांगत गेले. फेब्रुवारीत आलेली आग्या रसाचा हंगाम सरला की आपोआप जाते. ती तोवर चिडते ती दगडानं, धुरानं, जवळच्या आवाजानं आणि हादऱ्यानं. रात्री दिव्याकडे येते म्हणून टाकीजवळचा दिवा बंद ठेवायचा. कुणाच्या मागे लागलीच तर हातवारे न करता तोंड झाकून थेट बंद खोलीत जायचं. काटा लगेच नखानं खरवडून काढायचा, म्हणजे पिशवीतलं विष आणखी आत जात नाही. धाप लागली, चेहरा सुजला तर वाट न पाहता दवाखाना. रहदारीच्या जागी मोहोळ असेल तर ते हलवायला लागतं, पण प्रशिक्षित माणसाकडून, न जाळता.

"इथं टाकीपाशी कोण जाते?" त्यांनी विचारलं. कुणीच नाही, फक्त टाकी साफ करणारा.

वाद अर्धा तास चालला. शेवटी ठरलं ते असं: गच्चीला कुलूप, दिव्याचा बल्ब काढायचा, टाकीची सफाई मोहोळ गेल्यावर, आणि वरच्या मजल्यावरच्या दोन घरांच्या खिडक्यांना सोसायटीच्या खर्चानं जाळी. जाळायचा आग्रह धरणाऱ्या काकांनीच जाळीवाल्याला फोन केला. आमची गाडी संध्याकाळची होती, तोवर माप घेऊन तो गेलाही.